नऱ्हे ते सदाशिव पेठ, रोज: छोटी ऑटोमॅटिक पेट्रोल घ्यावी की सीएनजी?

नऱ्हेकरीण

नमस्कार मंडळी. घरात पहिलीच चारचाकी येते आहे आणि जो भेटेल तो वेगळी गाडी सुचवतो आहे. म्हणून इथे विचारते.

मी सदाशिव पेठेत शाळेत शिकवते. राहायला नऱ्ह्याला. आजवर स्कूटरवर गेले-आले, पण मणक्याच्या डॉक्टरांनी आता दुचाकी बंद करायला सांगितली आहे. जाऊन-येऊन वीस-बावीस किलोमीटर. नवले पूल, वडगाव, सिंहगड रोड, दांडेकर पूल, पुढे पेठेत. हा रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना वेगाबद्दल काही सांगायची गरज नाही.

सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यांना खाली वाकून गाडीत शिरता येत नाही आणि बसल्यावर उठता येत नाही. महिन्यातून एकदा माहेरी सासवडला जातो, बोपदेव घाटाने, चौघं आणि सामान. बाकी लांबचा प्रवास नाही. यजमान हिंजवडीला कंपनीच्या बसने जातात, त्यामुळे गाडी मुख्यतः मीच चालवणार. लायसन्स जुनं आहे, सराव मात्र नाही. म्हणून ऑटोमॅटिक हवी आहे.

बजेट सगळं धरून आठ लाखांच्या आत. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी उतरल्यावर थोडी वरची गाडी आवाक्यात आली असं दिसतंय. वॅगनआर, सेलेरिओ आणि टियागो या तीन डोक्यात आहेत. दीर म्हणतात सीएनजीच घे, पेट्रोल परवडणार नाही. भाऊ म्हणतो टियागो घे, पत्रा जाड आहे. शोरूममधला मुलगा म्हणतो मॅडम, पंचवीसचं ॲव्हरेज आहे, काळजीच करू नका.

तर माझ्यासारखीने काय बघायचं? मला इंजिनातलं कळत नाही, पण समजावून सांगितलं तर कळतं. रोज तेच काम करते.

---

शनिवारपेठी

पेठेत शाळा आहे ना? मग गाडी कुठली हा प्रश्न दुसरा, लावणार कुठे हा पहिला. आमच्या गल्लीत सम-विषम तारखेच्या पाट्या आहेत आणि दोन्ही तारखांना दोन्ही बाजू भरलेल्या असतात. शाळेच्या आवारात जागा मिळते का ते आधी मुख्याध्यापकांना विचारा, मग शोरूमला जा.

---

कर्वेनगर गॅरेजवाला

ताई, शनिवारपेठी बोलले ते बरोबर आहे, पण ते काही कुणाला गाडी घेऊच देणार नाहीत. मी सांगतो. माझं कर्वेनगरात मल्टिब्रँड गॅरेज आहे, सगळ्या कंपन्यांच्या छोट्या गाड्या येतात, कुणाची एजन्सी नाही. लांबड लागेल, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, तुमच्या रस्त्यावर गाडी तिशीच्या वर क्वचितच जाणार. जाहिरातीत जे मोठ्या अक्षरात छापतात, म्हणजे किती पीएस ताकद, ते सहा हजार आरपीएमच्या, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला सहा हजार फेऱ्यांच्या, आसपासचं असतं. सिंहगड रोडला तुमचं इंजिन एक हजार ते अडीच हजाराच्या मध्येच फिरणार. तेव्हा गाडी निवडायची ती पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये कशी वागते यावर. रुंदी, वळण, सीटची उंची, क्लच, उभ्या गाडीत एसी. तुमच्यासाठी गाडी म्हणजे एवढंच. बाकी सगळं सजावट.

ॲव्हरेजचं आधी उरकतो. वॅगनआरच्या १.० लिटर इंजिनाच्या एएमटीचा, म्हणजे तुम्हाला हवी त्या ऑटोमॅटिकचा, अधिकृत आकडा लिटरला २५.१९ आहे, १.२ लिटरचा २४.४३, सेलेरिओ व्हीएक्सआय एएमटीचा तर २६.६८. हे आकडे खोटे नाहीत. आपण ज्याला एआरएआयचं ॲव्हरेज म्हणतो ती एआरएआय म्हणजे आपल्याच वेताळ टेकडीवरची गाड्या तपासणारी संस्था, सकाळी फिरायला जाता तिच्या कुंपणावरूनच जाता. पण चाचणी टेकडीखालच्या पौड रोडवर होत नाही. गाडी बंद खोलीत रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या पट्टीने वीसेक मिनिटं चालवतात. इतके सेकंद उभी, इतके सेकंद वेग वाढवा, शेवटी एकदा नव्वदपर्यंत न्या. एसी बंद. आडवी येणारी रिक्षा नाही, खड्डा नाही, वडगावच्या पुलाखालची कोंडी नाही. त्यामुळे दोन गाड्यांची तुलना करायला हा आकडा चांगला, महिन्याचा खर्च काढायला निरुपयोगी. तुमच्या रस्त्यावर एसी लावून चौदा-पंधरा धरा. कुणी वीस सांगितलं तर तो रविवारी पहाटे चालवतो असं समजा. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलमध्ये ऊर्जाच कमी, त्यामुळे थोडं ॲव्हरेज तिथेही जातं. नव्या गाड्या त्या पेट्रोलला चालतील अशाच बनवलेल्या आहेत, इंजिनाची चिंता नको.

आता इंजिन. वॅगनआरमध्ये दोन मिळतात आणि इथेच लोक फसतात, कारण बाहेरून गाडी तीच. एलएक्सआय-व्हीएक्सआय या खालच्या व्हेरियंटना ९९८ सीसीचं (म्हणजे १.०) तीन सिलिंडरचं, ६७ पीएस आणि ८९ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढ. सेलेरिओलाही हेच इंजिन. वरच्या झेडएक्सआयला ११९७ सीसीचं (म्हणजे १.२) चार सिलिंडरचं, ९० पीएस आणि ११३ न्यूटन-मीटर. तीन सिलिंडरमध्ये क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरणारा दांडा, दर २४० अंशाला एक धक्का खातो, चारमध्ये दर १८० अंशाला. धक्के जवळजवळ असले की फिरणं सलग होतं. शिवाय तीन सिलिंडरचं इंजिन स्वभावाने पुढे-मागे डुलतं, ते माउंटिंगवर थोपवावं लागतं. सिग्नलला उभं असताना स्टिअरिंगवर हात ठेवलात तर फरक तुम्हाला स्वतःला कळेल, इंजिनातलं कळायची गरज नाही. मणका दुखतोय म्हणालात म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

आणि घाट. बोपदेवला चौघं, सामान आणि एसी लावून चढायचं तर ८९ न्यूटन-मीटरला घाम फुटतो. चढते, पण इंजिन ओरडतं आणि मागे एसटी असली की चालवणाऱ्याचा जीव वरखाली होतो. महिन्यातून एकदाच जाणार, मान्य, पण तो एक दिवस नवशिक्या हातांना जड जातो. तेव्हा वॅगनआर घेतलीत तर १.२.

टियागोचंही बघा. ११९९ सीसी, तीन सिलिंडर, ८६ पीएस. टॉर्क तोच ११३, पण तो ३३०० आरपीएमला मिळतो, वॅगनआर १.२ ला ४४०० लागतात. म्हणजे ओढ खालच्या फेऱ्यांत, शहराला ती चांगली. मात्र टियागो शंभरेक किलोने जड आहे आणि इंजिन तीन सिलिंडरचं, त्यामुळे फायदा थोडा तिकडे वजा होतो. भाऊ पत्र्याचं बोलतो त्यावर नंतर येतो.

आता एएमटी, कारण तुमचा सगळा खेळ तिच्यावर आहे. लोक हिला ऑटोमॅटिक म्हणतात. आत गिअरबॉक्स साधाच, क्लचप्लेटही साधीच. फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला गाडीने पगारी माणूस ठेवलाय. इलेक्ट्रिक पंपाने तेलाचा दाब तयार होतो, तो क्लच-गिअर हलवणाऱ्या ॲक्च्युएटरला ढकलतो, आणि कधी ढकलायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. भारतात ही सोय २०१४ साली सेलेरिओने आणली आणि छोट्या गाडीत ऑटोमॅटिक परवडायला लागली, कारण टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी या दुसऱ्या प्रकारच्या ऑटोमॅटिकपेक्षा हे खूप स्वस्त पडतं. तोटा असा की गिअर बदलताना मध्ये क्षणभर ओढ तुटते आणि मान पुढे डोलते. ॲक्सिलरेटर त्या क्षणी जरा सैल सोडलात तर डोलणं जवळजवळ जातं. आठ दिवसांत पायाला कळतं.

पण क्लचप्लेट साधीच आहे हे विसरायचं नाही. माझ्याकडे एएमटीच्या जळक्या क्लचप्लेटा येतात त्या बहुतेक एकाच सवयीच्या. नवले पुलाच्या चढावर ट्रॅफिक थांबलंय, आणि गाडी ब्रेकवर न धरता हलक्या ॲक्सिलरेटरवर तोलून धरलीय. आत प्लेट घासत राहते, तापते, वास येतो. मॅन्युअल गाडीत आपण अर्धा क्लच दाबून हेच करतो, पण तिथे पाय दुखतो म्हणून आपण थांबतो. इथे पाय दुखत नाही, म्हणून माणूस तासभर करत बसतो. चढावर थांबलात की ब्रेक, पूर्ण ब्रेक. निघताना गाडी मागे सरकू नये म्हणून वॅगनआर आणि सेलेरिओच्या एएमटीला हिल होल्ड दिलेलं आहे, ब्रेकवरून पाय काढला तरी दोनेक सेकंद ती धरून ठेवते. सपाट रस्त्यावर फुटाफुटाने पुढे सरकण्यापेक्षा पुढच्याला गाडीभर जाऊ द्या, मग ब्रेक सोडा, ती आपली आपण हळू सरकते. मधे रिक्षा घुसेल. घुसू द्या. क्लचचं किट रिक्षावाला भरून देत नाही.

घाटात मॅन्युअल मोडवर या, दुसऱ्यात टाका, गरज पडली तर पहिल्यात. उतरतानाही तेच. नुसत्या ब्रेकवर बोपदेव उतरायचा नाही.

रुंदीचं बोलू. वॅगनआर १६२० मिलिमीटर, सेलेरिओ १६५५, टियागो १६७७, तिन्ही आरसे सोडून. लांबी वॅगनआर ३६५५, टियागो ३७६५. वळणाची त्रिज्या वॅगनआर ४.७ मीटर, टियागो ४.९. कागदावर नखाएवढा फरक. पण पेठेतल्या गल्लीत दोन्ही बाजूंना दुचाकी लावलेल्या असताना एका दमात वळली की तीन वेळा मागे-पुढे करावं लागलं, हे अशाच फरकावर ठरतं. वॅगनआरच्या काचा उभ्या आणि मोठ्या, कोपरे दिसतात. सराव नसलेल्या माणसाला कोपरे दिसणं सगळ्यात महत्त्वाचं.

सासूबाईंसाठी मात्र चर्चाच नको. वॅगनआरची उंची १६७५, टियागोची १५३५, सेलेरिओची १५५५. उंच गाडीत सीटही उंच बसवता येते, त्यामुळे माणूस खाली जात नाही, आडवा सरकून बसतो. नऊवारी असो की पाचवारी, अडकत नाही. शोरूमला जाताना त्यांना घेऊन जा आणि चारही दारांतून प्रत्येकी एकदा बसवून बघा. सेल्समन काय बोलतोय ते ऐकू नका, उठताना त्या दाराला धरतात की मांडीला ते बघा.

उरलं ते पटकन. तिन्हींना सस्पेन्शन पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे टॉर्शन बीम, मागचे ब्रेक ड्रम, स्टिअरिंग इलेक्ट्रिक. या किमतीत हेच मिळतं आणि हेच टिकतं. खड्ड्यात टियागो जास्त बसकी आणि शांत वाटते, वॅगनआर उंच असल्याने वळणावर कलते. वॅगनआर व्हीएक्सआयपासून १६५/७० आर१४ टायर येतात, एलएक्सआयला १३ इंची. टचस्क्रीनची इंचं मोजू नका.

सिग्नलला इंजिन आपोआप बंद होण्याची सोय मारुतीच्या या गाड्यांत येते. इंजिन बंद झालं की एसीचा कॉम्प्रेसरही थांबतो, नुसता पंखा राहतो. एप्रिलमध्ये दुपारी दांडेकर पुलाला उभ्या असाल तेव्हा तुम्हाला ते नको होईल. बंद करायचं बटण असतं, ते कुठे आहे डिलिव्हरीच्या दिवशीच विचारा. आणि अशा गाडीची बॅटरी वेगळ्या प्रकारची असते, महाग असते. उद्या ती गेली आणि कुणी साधी, स्वस्त बसवून देतो म्हणाला तर नको म्हणा.

सीएनजीचं रात्री लिहितो, लिफ्टवर गाडी आहे.

---

टियागोवाला_सौदागर

गॅरेजवाले काका, सगळं पटलं, पण ताईंनी सीएनजी विचारलंय आणि तुम्ही वॅगनआरवर रंगलात.

मी टियागो सीएनजी एएमटी वापरतो, पिंपळे सौदागर ते बाणेर, शिवाय दर शनिवार-रविवार नारायणगाव. ताई, सीएनजी आणि क्लच पेडल नसलेली गाडी एकत्र हवी असेल तर वॅगनआर आणि सेलेरिओ बाद होतात, कारण त्यांच्या सीएनजीला मॅन्युअल गिअरच येतो. टाटांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये टियागोत दोन्ही एकत्र दिलं, देशात पहिल्यांदा. अधिकृत आकडा किलोला २८.०६.

दुसरं म्हणजे डिकी. बाकीच्यांच्या सीएनजीत एक मोठी टाकी डिकीत आडवी झोपलेली असते. यात ३०-३० लिटरच्या दोन टाक्या फळीखाली बसवल्या आहेत, वर सामान राहतं. नारायणगावहून येताना टोमॅटोचं क्रेट मावतं, अजून काय पाहिजे? गाडी थेट सीएनजीवरच सुरू होते, आधी पेट्रोलवर तापवावी लागत नाही. गॅस भरायचं झाकण उघडलं की इंजिन सुरूच होत नाही, तो एक चांगला विचार केलाय.

आणि गाडी पुण्याची आहे हो! कारखाना गुजरातमध्ये साणंदला असला तरी टाटांचं इंजिनिअरिंग पिंपरीतच होतं, डिझाइनमध्येही पुण्याचा स्टुडिओ होता.

सुरक्षिततेत तर प्रश्नच नाही. ग्लोबल एनकॅप ही संस्था गाड्या आपटून तारे देते, तिच्या चाचणीत २०२० साली टियागोला ४ तारे, वॅगनआरला २०२३ साली १ तारा. यावर काय म्हणणं आहे?

---

नऱ्हेकरीण

बापरे, किती छान समजावलंत. चहा दोनदा झाला.

सोसायटीत जाऊन टेप लावून आले. आमची जागा खांबापासून शेजारच्यांच्या पिवळ्या रेघेपर्यंत साडेसात फूट. खांब ड्रायव्हरच्या बाजूला येतो. शाळेत जागा मिळेल असं सांगितलंय, पण फाटकातून आत उलटी घालावी लागेल.

वॅगनआरचा एक तारा ऐकून मात्र पोटात गोळा आला. आणि सीएनजीचं खरंच सांगा, दीर रोज विचारतात.

---

कर्वेनगर गॅरेजवाला

सौदागरांनी डिवचलंय तर आधी ताऱ्यांचं.

दोन्ही आकडे खरे आहेत, पण एकाच परीक्षेचे नाहीत. टियागोची चाचणी झाली ती जुन्या नियमांनी, तेव्हा मुख्यतः समोरून धडक बघायचे. २०२२ पासून नियम कडक झाले. बाजूची धडक, ईएससी म्हणजे गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा, सगळं मोजायला लागले. वॅगनआरला १ तारा मिळाला तो या नव्या नियमांनी, आणि जी आपटली तिला दोनच एअरबॅग होत्या. २०२५ पासून वॅगनआरला सगळ्या व्हेरियंटमध्ये सहा एअरबॅग येतात. पण नव्या चाचणीत हाही शेरा होता की तिचा सांगाडा धडकेत स्थिर राहत नाही, आणि एअरबॅग वाढवल्याने सांगाडा बदलत नाही. तेव्हा सौदागर, तुमची गाडी या बाबतीत वरचढ आहे हे मी मान्य करतो. जर कुणी मला सांगितलं की रोज चाकण हायवे किंवा बंगळूर हायवेने ऐंशी-नव्वदने जायचंय, तर मी वॅगनआर सुचवणारच नाही. ताईंचा रस्ता तो नाही. बायपासला त्या फक्त नवले पुलाजवळ शिवतात. अर्थात तो तुकडाच वाईट आहे, कात्रजच्या उतारावरून ब्रेक तापलेले ट्रक येतात. तिथे सर्व्हिस रोडने या, दहा मिनिटं गेली तरी चालतील. आणि मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा, सासूबाईंनीसुद्धा.

आता सीएनजी. हिशेबच मांडू, दीरांना तसाच्या तसा दाखवा. पेट्रोल १०४ रुपये धरा, पंधराचं ॲव्हरेज, किलोमीटरला सात रुपये. सीएनजी ९२ धरा, किलोला चोवीस, म्हणजे पावणेचार-चार रुपये. फरक तीन रुपयांचा. तुमचं शाळेचं आणि सासवडचं मिळून वर्षाला साडेसहा हजार किलोमीटर होतील, सुट्ट्या वजा जाता त्याहून कमीच. म्हणजे वर्षाला वीस हजार वाचले. सीएनजी गाडी पेट्रोलपेक्षा नव्वदेक हजारांनी महाग पडते. सीएनजीला रस्ता कर थोडा कमी लागतो, ते धरूनही चार वर्षं तुम्ही फक्त वरचे पैसे फेडणार. सौदागरांचं रनिंग तिप्पट असणार, त्यांना दीड वर्षात वसूल. त्यांच्यासाठी तो निर्णय शंभर टक्के बरोबर.

शिवाय गॅसवर ताकद उतरते. गॅस इंजिनात शिरताना हवेची जागा खातो, त्यामुळे प्रत्येक फेरीत कमी हवा, कमी जोर. टियागो पेट्रोलवर ८६ पीएस आणि ११३ न्यूटन-मीटर, तीच गॅसवर ७३ आणि ९५. वॅगनआर सीएनजी तर ५७ आणि ८२. बोपदेवला बटण दाबून पेट्रोलवर यावंच लागतं. टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, करून सर्टिफिकेट ठेवायचं, तो एक वेगळा उपद्व्याप. आणि पंपाची रांग. संध्याकाळी शाळा सुटल्यावर वह्यांचा गठ्ठा घेऊन वडगावला गॅसच्या रांगेत उभं राहायचंय का, ते दीरांनी नाही, तुम्ही ठरवायचं. भरायचाच तर पहाटे नाहीतर रात्री उशिरा, तेव्हा प्रेशर बरं मिळतं आणि टाकी भरते तरी.

पार्किंगचं छान केलंत, अर्धे लोक गाडी घरी आणल्यावर टेप शोधतात. साडेसात फूट म्हणजे २२८६ मिलिमीटर. वॅगनआर उभी केल्यावर ६६६ उरतात, टियागो उभी केल्यावर ६०९. सव्वादोन इंचांचा फरक. खांब ड्रायव्हरच्या बाजूला आहे म्हणता, तर गाडी उलटी घालून बघा, खांब डावीकडे जाईल आणि तुमचं दार रेघेकडे उघडेल. शाळेतही उलटीच घालायची आहे, म्हणजे घरीच सराव होईल.

---

स्टिअरिंगताई

मी बिबवेवाडीत बायकांना ड्रायव्हिंग शिकवते. नऱ्हेकरीण, जुनं लायसन्स आणि सराव नाही अशा बऱ्याच जणी माझ्याकडे येतात. एएमटीवर पहिल्या आठवड्यात सगळ्यांची एकच चूक होते. डावा पाय रिकामा असतो, तो आपोआप क्लच शोधतो आणि ब्रेकवर पडतो, तोही क्लचच्या जोराने. मागचा येऊन आपटतो. डावा पाय मागे ओढून सीटच्या बुडाशी ठेवायचा, मुद्दाम. उजव्या पायानेच ब्रेक आणि ॲक्सिलरेटर.

उलटी घालताना एएमटी ॲक्सिलरेटर न देता सरकू द्यायची, पाय फक्त ब्रेकवर. गाडी आपल्या वेगाने येते, तुम्ही आरसे बघा. चढावर उलटी घालायची असेल तर मात्र कुणीतरी शेजारी बसलेलं असू द्या, तिथे ॲक्सिलरेटर लागतो आणि थोडा जास्त गेला की खांब जवळ येतो.

आणि काका, एक राहिलं. पावसाळा.

---

कर्वेनगर गॅरेजवाला

हो, बरं आठवण केलीत. जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडच्या एकतानगरीत गाड्या पाण्यात बुडाल्या, ते सगळ्यांनी पाहिलं. तुमच्या जाण्या-येण्याच्या रस्त्यालगतच आहे ते. हवा घ्यायचं नळकांडं छोट्या गाड्यांत पुढेच असतं, बॉनेटखाली. पाणी तिथून सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, कितीही घाई असली तरी. ढकलून बाहेर काढा, टोइंगला फोन करा. साध्या विम्यात पाण्याने गेलेलं इंजिन बहुतेक वेळा बसत नाही, इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन वेगळं घ्यावं लागतं. शोरूमवाले इतर दहा गोष्टी गळ्यात मारतात. सिरॅमिक कोटिंग, सीट कव्हर, अंडरबॉडी काय काय. ती सोडा, हे एक घ्या.

---

नऱ्हेकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. दिरांना हिशेब दाखवला, ते गप्प बसले आहेत, सध्या तरी. सासूबाईंना आज एका शेजाऱ्यांच्या वॅगनआरमध्ये बसवून पाहिलं, दाराला न धरता उठल्या. सौदागरदादा, रागावू नका, रनिंग वाढलं तर पुढची टियागोच.

रविवारी टेस्ट ड्राइव्हला जाते आहे. अजून काही बघायचं असलं तर सांगा.

---

टियागोवाला_सौदागर

राग कसला. पण एकदा टियागोही चालवून बघा, पेट्रोल एएमटी. निदान तुलना तरी कळेल. बसायला खाली आहे हे कबूल, पण खड्ड्यातून नेल्यावर तुमचा मणकाच सांगेल.

---

कर्वेनगर गॅरेजवाला

ते बरोबर बोलतायत, दोन्ही चालवा, मणका तुमचा आहे.

आणि वॅगनआरची डेमो गाडी १.२ एएमटीच मागा. बहुतेक ठिकाणी १.० मॅन्युअल उभी असते आणि “मॅडम, सेमच आहे” म्हणून तीच हातात देतात. सेम नाही. नसेल तर दुसऱ्या दिवशी बोलवा म्हणा. मोकळ्या रस्त्यावर एक चक्कर मारून आणतील, ती मान्य करू नका. एसी पूर्ण लावा, तिघं बसवा, एखाद्या फ्लायओव्हरच्या चढावर मुद्दाम थांबा आणि पुन्हा निघा. उभ्या गाडीत दोन मिनिटं एसी गार राहतो का बघा. बिल करण्याआधी गाडी कुठल्या महिन्यात बनली ते चासी नंबरवरून लिहून मागा, वर्षाच्या सुरुवातीला गेल्या वर्षीची गाडी खपवायची घाई असते. तशी असली तरी घ्यायला हरकत नाही, पण मग किंमत तशी पाडून घ्या.